रिंगवरचा चार

९ फेब्रुवारी

बाबा,

‘तीर्थरूप बाबांना’ असं लिहून दोन कागद फाडले. तेव्हा नुसत्या ‘बाबा’वर भागवून घ्या. पत्राच्या शेवटी नमस्कारही येणार नाही, तो शोधत बसू नका.

सव्वीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आताही गोडीगुलाबी करायला लिहीत नाही. मला तुमच्याकडून एक दुरुस्ती करून हवी आहे, आणि ती तुमच्याच हातानं व्हायला हवी, म्हणून हा खटाटोप.

धाकट्यानं मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स मला पाठवली. तुम्हाला न विचारता पाठवली, पण त्याच्यावर डाफरू नका. चिठ्ठीत त्यानं एवढंच लिहिलं होतं, “ताई, बुरशी चढलीय, तूच बघ. बाबा कॅमेरा विकू देत नाहीत आणि पुसूही देत नाहीत.” मी कॅमेरे आणि लेन्स दुरुस्त करते हे तुमच्या कानावर असेलच. एका घड्याळजींच्या दुकानाची अर्धी बाजू माझी आहे. मधे काचेचं कपाट, पलीकडे त्यांची घड्याळं, अलीकडे माझी भिंगं. फोटो काढायचे मी सोडून दिले. फोटो काढायची यंत्रं काही सुटली नाहीत.

लेन्स टेबलावर घेतली तेव्हा उजेडाचं भोक लहानमोठं करणारी अपर्चरची रिंग सोळावर घट्ट बसली होती. हलेना. आतलं ग्रीस वाळून डिंक झालं होतं. सोळाच असणार, दुसरं काय! आजोबांनी सांगितलं, ‘सोळावर ठेव आणि ऊन बघ’, आणि तुम्ही जन्मभर सोळावर ठेवलंत. शाळेचे वर्ग, कारखान्याच्या पाळ्या, लग्नातले घोळके, सगळ्यांना अंगणात उभं करून सोळावर. लहानपणी आम्ही त्या रिंगला बोट लावलं तरी पाठीत धपाटा बसायचा.

तुम्ही ती सोळावरून एकदाच हलवलीत. चारवर नेलीत. आईच्या फोटोसाठी.

तो दिवस तुम्हाला सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण तुमची आणि माझी आठवण एकच आहे की नाही ते मला बघायचंय. दुसऱ्या दिवशी आईला हॉस्पिटलात न्यायचं होतं. स्टुडिओवाल्याच्या बायकोचा एकही धड फोटो नाही हे तुमच्या तेव्हा लक्षात आलं. ती कायम कॅमेऱ्याच्या मागे उभी राहून लोकांच्या पोरांना हसवायची, पुढं कधी आलीच नाही. तिला जिना उतरवेना, म्हणून तुम्ही मोठा कॅमेरा वरच्या खिडकीच्या खोलीत चढवलात. उजेड कमी होता. मीटर म्हणालं, आठवर दोन सेकंद. आईला खोकला. दोन सेकंद ती स्थिर बसणार नाही, म्हणून तुम्ही चौपट उजेडासाठी रिंग चारवर आणलीत आणि अर्धा सेकंद दिलात. दोन फिल्म काढल्यात. मी खाली नेऊन धुतल्या. दोन्ही पाण्यासारख्या पातळ आल्या. नऊ दिवसांनी आई गेली.

आता लेन्सकडे येते. रिंग सोडवली, पुसली, आणि पहिल्यांदाच मी तिच्यावरचे सगळे आकडे ओळीनं वाचले. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. आपल्या छोट्या कॅमेऱ्याच्या रिंगवर काय असतं? दोन, दोन पॉइंट आठ, चार, पाच पॉइंट सहा, आठ, अकरा, सोळा. मोठ्यावर मधले आकडे नाहीतच. लहान असताना मी विचारलं होतं, “बाबा, यावरचा अकरा कुठं गेला?” तुम्ही म्हणालात, “जुनी कंपनी. कोरायचा कंटाळा. मधले आकडे खाल्ले.” मला ते पटलं. तुम्ही सांगितलं म्हणजे झालंच.

बाबा, कुणी काही खाल्लेलं नाही. फार पूर्वी लेन्सची भोकं मोजायची दुसरी एक रीत होती. तिच्यात दर पायरीला उजेड निम्मा आणि आकडा दुप्पट. अशा रिंगा माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या आहेत, पण आपली त्यातलीच असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं, कारण आपली माझ्या डोक्यात कायम सोळावरच होती. त्या रीतीतला सोळा आणि नेहमीचा सोळा एकच आहे. फक्त सोळाच एक आहे. म्हणून तर तुमचं कधी काही चुकलं नाही. सोळाच्या खाली उतरलं की दोघांच्या वाटा वेगळ्या. तिच्यातला आठ म्हणजे नेहमीचा अकरा. तिच्यातला चार म्हणजे नेहमीचा आठ.

तुम्ही चार समजून आठवर फोटो काढलात. उजेड हवा होता त्याचा चौथा हिस्सा मिळाला.

‘खराब’ लिहिलेली पत्र्याची पेटी अजून तुमच्या कपाटाखाली आहे, मी धाकट्याला विचारलं. आपल्या स्टुडिओची शिस्त मी विसरलेली नाही. बिघडलेली निगेटिव्ह फेकायची नाही, पाकिटात घालायची, आणि पाकिटावर लाल पेन्सिलीनं बिघडायचं कारण आणि करणाराचं नाव लिहायचं. ‘हलला. गिऱ्हाईक.’ ‘डोळे मिटले. गिऱ्हाईक.’ ‘शटर अडकलं. मी.’ एकदा लिहिलेलं कुणी खोडायचं नाही. आईच्या पाकिटावर तुम्ही लिहिलंत, ‘डेव्हलपिंग. थोरली.’

ते खोडा आणि खरं लिहा. मला एवढंच हवंय. माफीबिफी मागू नका, तुम्हाला ती जमणारही नाही.

त्या दिवशी डार्करूममध्ये मी सगळं तुम्ही शिकवलंत तसंच केलं होतं.

थोरली


२१ फेब्रुवारी

बाबा,

धाकट्याचा फोन आला होता. तुम्ही पत्र दोनदा वाचलंत, घडी घालून उशीखाली सारलंत आणि म्हणालात, “हिची उलट बोलायची खोड काही गेली नाही.” नाही गेली. जपून ठेवली आहे.

तो म्हणाला, “ताई, ते ऐंशीचे झाले. सोडून दे ना आता.”

मी म्हटलं, “मी बावीसची होते, तेव्हा त्यांनी सोडलं होतं का रे?”

तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि जिन्यात बसून सगळं ऐकत होता. आई जाऊन चार दिवस झाले होते. मावशी आली, आत्या आली, शेजारचा शिंपी आला, आणि प्रत्येकानं भिंतीकडे बघून विचारलं, फोटो नाही का लावला? आणि प्रत्येकाला तुम्ही एकच उत्तर दिलंत. “काढला होता. हिनं डार्करूममध्ये घालवला.” मावशीनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी तिच्या बहिणीलाच घालवलं. सहा महिने मी ते ऐकून घेतलं. मग एक बॅग भरली आणि निघाले. तुम्ही दुकानाच्या पायरीवर उभे होतात.

“जातेस?”

“हो.”

“डार्करूमची किल्ली ठेवून जा.”

सव्वीस वर्षांत तुमचं शेवटचं वाक्य हे आहे. मी ते दुसऱ्या कुठल्या वाक्यानं झाकायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण तुम्ही दुसरं दिलंच नाहीत.

असो. नुसत्या तोंडच्या बोलण्यावर तुमचा कधीच विश्वास नव्हता, म्हणून पट्टीनं सांगते. हेही तुम्हीच शिकवलेलं आहे. मी नऊ वर्षांची होते. तुम्ही खिडकीसमोरच्या भिंतीशी एक दुसरी लेन्स धरलीत आणि मागेपुढे करत गेलात, तर भिंतीवर समोरचं झाड उलटं उमटलं. आधी धूसर, मग पान न् पान. “थांब, आता पट्टी लाव. भिंतीपासून इथपर्यंत. ही हिची लांबी.” मग म्हणालात, “या लांबीला रिंगवरच्या आकड्यानं भाग. येईल ते भोक.” मला तेव्हा कळलं की आकडा मोठा झाला की भोक लहान का होतं. मोठ्या आकड्यानं भागलं की उत्तर लहान येणारच. तुम्ही डोळा मारलात आणि म्हणालात, “हे गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. आकडा वाढवून भोक लहान करतात म्हटलं, तर त्याचा आपल्यावरचा विश्वास उडेल.”

तर भागा. लेन्सच्या तोंडावर साडेनऊ इंच कोरलंय, म्हणजे दोनशे एक्केचाळीस मिलिमीटर. खात्रीसाठी मी दुकानाच्या आतल्या भिंतीवर समोरचा रस्ता उलटा पाडून मोजला, बरोबर आहे. आता त्याला चारनं भागा. साठ आले. म्हणजे चारचं भोक साठ मिलिमीटर रुंद पाहिजे. बाबा, त्या लेन्सची पुढची काचच चव्वेचाळीस मिलिमीटरची आहे!

हे ऐकून घड्याळजी इतके हसले की त्यांच्या चिमट्यातला स्क्रू उडाला. “म्हणजे घरापेक्षा दार मोठं!” मग अर्धा तास आम्ही दोघं फरशीवर स्क्रू शोधत होतो.

मी रिंग चारवर ठेवली आणि समोरून दिसणारं भोक मोजलं. तीस मिलिमीटर. तीनदा पडताळलं, तिन्ही वेळा तीस, असं समजा. खरं तर सात वेळा मोजलं. दोनशे एक्केचाळीसला तीसनं भागलं की आठ येतात. तुमच्या रिंगवरचा चार हा आठ आहे.

“हे कुणाला सिद्ध करून दाखवताय?” घड्याळजींनी विचारलं.

“वडिलांना.”

“ऐकतील?”

“नाही.”

“मग?”

“मग परत मोजेन.”

आणखी एक. डेव्हलपिंग कमी पडलं तर निगेटिव्ह सगळीकडून फिकी पडते, पण सावलीच्या जागीही काहीतरी पुसटसं उरतं. आईच्या निगेटिव्हमध्ये शालीच्या घड्यांच्या जागी कोरी फिल्म होती. जिथं उजेड पोचलाच नाही, तिथं केमिकल काय उगवणार? शिवाय त्याच सकाळी, त्याच बाटलीतून मी छोट्या कॅमेऱ्याचा एक रोल धुतला होता. झकास आला होता. तो ओला रोल हातात धरून मी तुमच्यासमोर उभी होते. तुम्ही मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

पाकीट, लाल पेन्सिल. विसरू नका.

थोरली


६ मार्च

बाबा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. सव्वीस वर्षांनी तुमचं अक्षर बघितलं. वाकडं झालंय. बोलणं मात्र होतं तसंच आहे. नंतर ‘मी असं लिहिलंच नव्हतं’ नको, म्हणून जसंच्या तसं उतरवते: ‘रिंगवर चार आहे. चार म्हणजे चार. त्या बाटलीवरची तारीख मला पाठ आहे. तुलाही असेल.’

आहे. मलाही पाठ आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, डार्करूममध्ये सगळं तुम्ही शिकवलंत तसंच केलं. ते खोटं होतं. मोठ्या फिल्मसाठी डेव्हलपर त्याच दिवशी कालवायचं, हा तुमचा नियम. ती बाटली तीन दिवसांपूर्वीची होती. आईची औषधं, तिची हॉस्पिटलची पिशवी, धाकट्याचं जेवण, सगळं माझ्याच गळ्यात होतं आणि कालवायला बसले असते तर तासभर गेला असता. सकाळचा रोल चांगला आला होता, म्हणून म्हटलं, चालतंय की. मग तुम्ही ती ओली फिल्म खिडकीसमोर धरलीत. तुमचा चेहरा मला अजून दिसतो. विचारलंत, “डेव्हलपर ताजं होतं ना?”

मी म्हणाले, “हो.”

तुम्ही आत गेलात आणि बाटलीवरची चिठ्ठी वाचलीत. अक्षर माझंच.

त्या एका ‘हो’नं माझं तोंड बंद केलं. खोटं बोलताना पकडलेल्या पोरीचा रोल कोण बघतो? आणि हळूहळू मलाच वाटायला लागलं, रोलला चाललं असेल, पण मोठ्या फिल्मला नसेल चाललं. मीच घालवली असेन. तेव्हापासून मी माणसाचा फोटो काढलेला नाही. कुणी वाढदिवसाला हातात कॅमेरा दिला तर मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठते. दुरुस्त केलेला कॅमेरा तपासायला मी भिंत घेते, खुर्ची घेते, रस्त्यावरची सायकल घेते. माणूस आला की बटणावरून बोट उचललं जातं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं आणि तुम्हाला तर मुळीच सांगायचं नव्हतं.

सांगून झालं. आता माझं ऐका.

गेल्या आठवड्यात मी तेच डेव्हलपर कालवलं, बाटली बंद केली आणि तीन दिवस ठेवली. दुरुस्तीला आलेल्या एका मोठ्या कॅमेऱ्यावर आपली लेन्स चढवली. मागच्या खोलीत खुर्चीवर शाल टाकली. खिडकीचा पडदा कमी जास्त करत मीटरवर अगदी तेवढाच उजेड आणला. एक फिल्म चारवर अर्धा सेकंद, दुसरी चारवर दोन सेकंद. दोन्ही एकाच ट्रेमध्ये, त्या शिळ्या डेव्हलपरमध्ये, सारखाच वेळ. पहिली हुबेहूब तुमच्या पाकिटातल्यासारखी आली. दुसरी सोबत पाठवते आहे. शालीचा धागा न् धागा मोजून घ्या.

खोटं मी बोलले. ते माझं, आणि ते मी कुणाच्या गळ्यात टाकत नाही. त्यासाठी वेगळं पाकीट करा आणि लिहा, ‘खोटं बोलली. थोरली.’ मी खाली सही करते. पण फोटो मी घालवला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तुम्ही त्या सव्वीस वर्षं एकाच पाकिटात घालून ठेवल्यात.

लेन्स साफ करून परत पाठवते आहे. रिंग आता लोण्यासारखी फिरते. सोबत स्टीलची पट्टी ठेवली आहे. खिडकीत बसा, रिंग चारवर आणा आणि मोजा. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणतच नाही. पट्टीवर ठेवा.

थोरली


१५ मार्च

बाबा,

पार्सल पोचल्याची पावती आली. सही तुमची आहे.

धाकटा सांगत होता, तुम्ही खिडकीत बसता, लेन्स मांडीवर, चष्म्यावर आणखी एक चष्मा, आणि कुणी खोलीत आलं की लेन्स शालीखाली लपवता. त्यानं विचारलं, “बाबा, मदत करू?” तर म्हणालात, “तुला भागाकार येतो का?” बिचारा बाहेर आला.

तीस मिलिमीटर मोजायला इतके दिवस लागत नाहीत. नऊ वर्षांची असताना मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा तुम्ही आईला हाक मारून सांगितलं होतं, “पोरीचा हात बघ किती स्थिर आहे!” तो अजून स्थिर आहे. मी थांबलेय. पण तुम्ही दमवून मला गप्प कराल असं वाटत असेल, तर मी तुमचीच मुलगी आहे.

थोरली


२८ मार्च

बाबा,

काल दुपारी टपाल आलं. दोन पुठ्ठ्यांच्या मधे, चारी बाजूंनी सुतळी, गाठ आपल्या स्टुडिओचीच. ती गाठ मी कापली नाही, सोडवली.

आत पाकीट, आईच्या दोन्ही निगेटिव्हसकट. ‘डेव्हलपिंग’वर लाल रेघ. थरथरलेली आहे, पण शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आहे. ‘थोरली’वर दुसरी रेघ. खाली दोन शब्द.

‘तीस. मी.’

मी ते हातात धरून उभी राहिले. घड्याळजींनी पलीकडून विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “मोजलं त्यांनी.” आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. भरपूर रडले. हे लिहिणार नव्हते, पण तुम्हाला एकदा खोटं लिहून झालंय, आता पुन्हा नको. तुमच्या घरात एकदा लिहिलेलं खोडत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? आजोबांनीसुद्धा कधी खोडलं नव्हतं. तुम्ही खोडलंत. पण म्हणून सव्वीस वर्षं परत येत नाहीत, आणि मावशीची ती नजरही अजून माझ्या पाठीवर आहे. राग गेलेला नाही. थोडा सरकून बसलाय, एवढंच.

आता एक गोष्ट सांगते जी तुम्हाला माहीत नसणार, कारण तुम्ही त्या निगेटिव्ह कायम उजेडासमोर धरून बघितल्यात. इतकी पातळ निगेटिव्ह उजेडासमोर धरली तर हाती काही लागत नाही. मी त्यातली एक काळ्या कापडावर ठेवली, दाराशी नेली आणि जरा तिरकी केली. उजेड वरून पडला आणि काळं-पांढरं जे उलटं होतं ते सुलट झालं.

बाबा, आई आहे त्यात.

खुर्चीत बसलीय. शालीच्या घड्या काळ्याच राहिल्यात, पण चेहरा आहे, कपाळ आहे, खुर्चीच्या हातावर ठेवलेली बोटं आहेत. खोकला दाबायला ओठ मिटलेत, आणि तरी डावा कोपरा सुटलाय, कारण तिला हसू येतंय. ती कॅमेऱ्याकडे बघत नाही. तुमच्याकडेही नाही. उजेड फेकायला मी पांढरी चादर धरून बाजूला उभी होते आणि तिला हसवत होते, पोरांना ती हसवायची तसंच. ती माझ्याकडे बघतेय. फिल्मच्या कडेला चादर आहे आणि चादरीवर माझी चार बोटं.

तुम्हाला हवा होता तो चार खरंच मिळाला असता, तर फक्त तिचे डोळे स्पष्ट आले असते आणि हातभर पुढचं-मागचं सगळं विरघळून गेलं असतं. माझी बोटं कुणाला बोटं म्हणून ओळखू आली नसती. ती नखासकट दिसताहेत, कारण तुम्ही नकळत आठवर होतात. तुमच्या चुकीनं फोटो काळोखात गेला आणि तुमच्याच चुकीनं मी त्यात राहिले. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ बघितलं. “नाक तुमचंच,” म्हणाले.

फिकं ठळक करणाऱ्या कडक कागदावर प्रिंट निघते. काल रात्री घाई केली नाही, आज सकाळी तीन काढल्या. एक तुमची, एक धाकट्याची, एक मावशीची. मावशीच्या प्रिंटमागे काय लिहायचं ते तुम्ही लिहायचं. मी लिहिणार नाही. लिहिल्याशिवाय पाठवणारही नाही.

रविवारी सकाळी अकराला मी येते आहे. धाकट्याला सांगा, मोठा कॅमेरा वरच्या खिडकीच्या खोलीत आणून ठेव. लेन्स तुमच्याकडे आहेच. डार्करूमची किल्ली काढून ठेवा. त्या दिवशी तुम्ही मागितलीत, मी ठेवून आले. आता मी मागते आहे. डेव्हलपर तिथंच कालवेन, तुमच्या डोळ्यांदेखत, आणि चिठ्ठीवर तारीख तुम्ही घाला.

तुमचाही धड फोटो घरात नाही, मला माहीत आहे. काढणाऱ्याचा फोटो कोण काढणार? मी काढणार. सव्वीस वर्षांत माझ्या कॅमेऱ्यासमोर आलेलं पहिलं माणूस तुम्ही असाल. माझं बोट उचललं गेलं तर ते माझं मी बघून घेईन. तुम्हाला हसवणार नाही, तेवढी आपली अजून दोस्ती झालेली नाही.

रिंग चारवर ठेवणार आहे. म्हणजे आठवर. म्हणजे दोन सेकंद बसावं लागेल. पूर्ण दोन. हललात, तर पाकिटावर लाल पेन्सिलीनं लिहीन, ‘हलले. बाबा.’ आणि ते मी खोडणार नाही.

तुमची,
थोरली